सुट्टीतली ड्युटी

"बाबा, तिच्या डाव्या पायातला मोजा निघालाय," कपाटावरून आवाज आला.

आजोबा दचकले. आज चौथा दिवस, तरी दचकलेच. त्यांच्या एका हातात कुस्करलेल्या गाजराचा चमचा होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी नातीची हनुवटी धरली होती. कपाटावर लिंबाएवढा पांढरा कॅमेरा बसवलेला होता. डोंगरावर स्की खेळायला गेलेल्या लेकीला त्यातून फोनवर ही खोली दिसायची, आणि वाटलं की बोलताही यायचं.

"घालतो, घालतो," आजोबा कपाटाकडे बघत म्हणाले. "तू पडूबिडू नकोस. समोर बघून चाल."

"उभीच आहे मी, डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत. आणि घास जरा लहान भरवा ना."

घास लहानच होता. पण कपाटाशी हुज्जत घालणं आजोबांना जमत नसे. त्यांनी चमच्यातलं अर्धं गाजर वाटीत परत टाकलं आणि उरलेलं ठकीच्या तोंडासमोर नेलं. दहा महिन्यांच्या ठकीने ते आत घेतलं, क्षणभर विचार केला, आणि फुर्रकन आजोबांच्या चष्म्यावर उडवलं. कपाटावरून लेकीचं हसू आलं, मागे वाऱ्याचा आवाज आला, मग सगळं बंद झालं. म्हणजे ती गेली असावी. पण नक्की गेली की गप्प राहून बघतेय, हे कळायला मार्ग नव्हता. चार दिवस आजोबांनी त्या खोलीत एकदाही मनमोकळं खाजवलं नव्हतं.

एकतीस वर्षं आजोबांनी शहरात बस चालवली होती. त्यातली बावीस एकाच मार्गावर, बावन्न नंबरच्या. डेपोत त्यांना बावन्न म्हणूनच ओळखत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, बायको जाऊन चार. आपल्या दोन खोल्यांत ते एकटेच पण ऐटीत राहत. सकाळी तासभर चालायचं, डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर जुन्या मंडळींत बसायचं, कोणाच्या गुडघ्याचं काय झालं ते ऐकायचं, घरी यायचं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला याहून जास्त काही लागतं, असं त्यांना वाटत नव्हतं.

मग एका संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, आम्ही बर्फात चाललोय. परदेशात, आठवडाभर. तुम्ही पण चला."

"मी काय करू बर्फात?"

"बर्फ बघा की! आणि ठकी आहे ना. तिथे पाळणाघर आहे म्हणे, सहा महिन्यांपासूनची मुलं घेतात. पण मी नाही बाई तिला परक्यांकडे ठेवणार. तुम्ही असलात की मला घोर नाही."

या शेवटच्या वाक्याने आजोबा विरघळले. मला घोर नाही. लेकीने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं काही म्हटलं होतं. त्यांनी पासपोर्ट काढला, अंगठ्याएवढ्या जाडीचा कोट शिवून घेतला, आणि टपरीवर सांगितलं, "सुट्टीतली ड्युटी लागलीय. लेकीने बोलावलंय. माझ्याशिवाय तिचं पानच हलत नाही."

बर्फ त्यांनी पाहिला, तो विमानतळावरून येताना आणि मग खिडकीतून. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा, दोन खोल्या आणि एक ओटा. खिडक्यांना दुहेरी काचा, त्या वितभरच कलत. गरम हवा जमिनीतून येई आणि नाकाचं पार भुस्कट करी. दाराशी ओल्या बुटांचा वास. लिफ्टलाही कार्ड लावावं लागे, दारालाही. सकाळी साडेआठला लेक आणि जावई मोठाले बूट घालून धप्प धप्प करत निघत, ते दिवस कलल्यावर येत. फ्रिजवर लेकीच्या अक्षरातला कागद होता. साडेनऊला फळ, साडेदहाला झोप, बारा वाजता बाटली, खालच्या ओळीत दुहेरी रेघ मारून: बाहेर नेऊ नका, थंडी सोसणार नाही.

ओट्यापासून खिडकीपर्यंत चौदा पावलं होती. ठकीला खांद्यावर घेऊन आजोबा ती रोज किती वेळा चालत, याची मोजदाद त्यांनी दुसऱ्या दिवशीच सोडली. पूर्वी ड्रायव्हरची केबिन या खोलीच्या एका कोपऱ्यात मावली असती, पण केबिन पुढे जात असे. ही खोली जागची हलत नव्हती.

त्या चौथ्या संध्याकाळी बोलून टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. जावई आंघोळीला गेला आणि लेक ठकीला मांडीवर घेऊन बसली, तेव्हा ते खाकरले. लेकीच्या डोळ्यांभोवती गॉगलचा पांढरा चष्मा उमटला होता, बाकीचा चेहरा भाजून लाल झाला होता.

"पाचदा पडले आज," ती म्हणाली. "गुडघा सुजलाय. पण खरं सांगू बाबा? वर उभी होते ना, एकदम वाटलं, अरे, आपले हात रिकामे आहेत! दहा महिन्यांत पहिल्यांदा. मी तिथेच रडले. वेडी आहे ना मी?"

"वेडी कसली," आजोबा म्हणाले.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात."

"काही नाही. गाजर संपत आलंय म्हटलं."

पाचव्या दिवशी ऊन पडलं. दोन दिवस भुरभुरणारा बर्फ थांबला होता आणि समोरची छपरं डोळ्यांना टोचतील इतकी चकाकत होती. ठकीला मात्र त्याचं काही नव्हतं. वरचा दात हिरडी फोडून येत होता. न्याहारीपासून तिने जो सूर लावला, तो खाली येईना. खुळखुळा झाला, चमचे वाजवून झाले, बावन्नच्या सगळ्या थांब्यांची नावं ओरडून झाली. एरवी या थांब्यांना ती खुदकन हसे. आज तिने आजोबांचा कान धरून ओढला आणि जास्तच मोठ्याने भोकाड पसरलं.

"बाबा, का रडतेय?" कपाट म्हणालं.

"दात."

"फ्रिजमधलं रबरी खेळणं द्या."

"दिलं. फेकलं तिने."

"मग जरा फिरवा ना तिला खोलीत."

आजोबांनी खोलीत फिरवलं. चौदा पावलं, खिडकी. खाली रस्त्यावर बस येऊन उभी राहिली. ही बस ते पहिल्या दिवसापासून बघत होते. बर्फ उपसून केलेल्या अरुंद पट्टीला ती अशी अचूक लागे, की उतरणाऱ्याचा पाय बर्फात पडत नसे. वळणावर बर्फ असो की पाणी, चालवणारा कधी दचका देत नव्हता. हात चांगला आहे गड्याचा, असं आजोबा रोज मनात म्हणत. बस दिसताच ठकी एकाएकी गप्प झाली. काचेवर दोन्ही पंजे टेकवून तिने बसकडे बघितलं. बस गेली आणि पुन्हा सूर लागला.

"दहा मिनिटं," आजोबा तिला म्हणाले. "फक्त दारात जाऊ. पुढची आली की बघू आणि परत."

त्यांनी तिला एकावर एक तीन स्वेटर चढवले, मोज्यांवर मोजे, कानटोपी. मग मफलरीने स्वतःच्या छातीशी बांधली आणि वरून तो जाडजूड कोट घातला. कोटाच्या गळ्यातून फक्त टोपीचं टोक आणि दोन डोळे दिसत होते. हे सगळं कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, मोरीच्या दाराआड. चोरी करतोय असं त्यांना वाटलं, आणि अडुसष्टाव्या वर्षी ते वाटणं काही वाईट नव्हतं.

दार मागे खट्कन लागलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. कार्ड आत, टेबलावर.

त्यांनी दार दोनदा ढकललं, उगाच मूठ फिरवली. जिन्याने खाली आले. खाली, इमारतीच्या व्यवस्थापकाच्या टेबलापाशी कोणी नव्हतं. पाटीवर घड्याळाचं चित्र होतं, काटे चारवर. म्हणजे चारपर्यंत कोणी येणार नाही. लेकीला फोन लावायला ते दाराबाहेर पायरीवर गेले, कारण आत रेंज येईना. मोबाइल खिशातून काढला तेव्हा त्यात अर्धी बॅटरी होती. त्या गारठ्यात नंबर शोधेपर्यंत पडदा काळा झाला तो झालाच. मागे वळले तर बाहेरचं दारही लागलेलं.

तेवढ्यात बस आली. आतून उबेचा झोत आला, आणि ठकीने कोटातून "आ!" केलं. डोंगराच्या पायथ्याशी ही बस जाते, पाळणे तिथूनच सुटतात, तिथे लेक सापडेल, कार्ड मिळेल. असा सरळ हिशोब करून आजोबा चढले.

बस एक बाई चालवत होती. पन्नाशीची, मनगटं जाड, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिने पैसे नकोत अशी मान हलवली, आजोबांच्या छातीवरच्या टोपीकडे बघितलं आणि ते बसेपर्यंत बस हलवली नाही. आजोबा तिच्या मागच्याच आसनावर बसले. पहिल्या उतारावर वळण आलं, आणि आजोबांचा उजवा पाय आपोआप जमिनीत दाबला गेला. बाईंनी नेमका तिथेच ब्रेक लावला होता.

पायथ्याशी उतरून ते बघत राहिले. शेकडो माणसं. सगळ्यांच्या डोक्यावर गोल टोप, डोळ्यांवर आरसे, नाकापर्यंत गुंडाळलेलं. एकेक जण सर्रकन येई, थांबे, रांगेत शिरे. लेकीचा कोट निळा होता. निळे कोट बघावे तिकडे होते. ते एकीला "अगं" म्हणत सामोरे गेले, तिने आरसा वर केला, तर वीसेक वर्षांचा मुलगा निघाला. पंधरा मिनिटं ते तसे फिरले. पायांना बर्फ भिनायला लागला, ठकी कुरकुरू लागली. बस पुन्हा आली. तीच बाई. ती हसली, जणू ते येणारच होते.

दुसऱ्या फेरीत शेवटच्या थांब्यावर बस पाच मिनिटं थांबली. बाईंनी थर्मासमधला गरम चहा झाकणात ओतून आजोबांपुढे धरला आणि ठकीकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. आजोबांनी दहा बोटं दाखवली. मग त्यांना राहवेना. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग फिरवलं, गिअर टाकला, आणि तीनदा दहा बोटं दाखवून वर एक. बाई क्षणभर बघत राहिली, मग खो खो हसली. उठून तिने त्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. आपल्या कमरेवर हात ठेवून तिने तोंड वेडंवाकडं केलं, आजोबांनीही आपली कंबर दाखवली. भाषेचा एक शब्द न बोलता दोघांचं ड्रायव्हरांच्या पाठदुखीवर साग्रसंगीत बोलणं झालं.

ठकी झोपली. बसच्या घरघरीत तिचा श्वास आजोबांच्या छातीवर लागत होता. शाळा, बेकरी, पूल, लाकडाची वखार, पायथा. माणसं चढत होती, उतरत होती. खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं. खरं सांगायचं तर, बाईंच्या फोनवरून निरोप देता आला असता. खुणेने काळा पडदा दाखवला असता तर तिला कळलं असतं. ते दुसऱ्या फेरीलाच आजोबांच्या ध्यानात आलं होतं. पण त्यांनी दाखवला नाही. एवढी एक फेरी, मग सांगू, असं म्हणत त्यांनी चार फेऱ्या केल्या.

चौथ्या फेरीत बस इमारतीपाशी आली, तेव्हा दारात गणवेशातली दोन माणसं उभी होती. आणि स्कीचे अवजड बूट तसेच घालून, उघड्या डोक्याने, लेक.

आजोबा उतरले. लेक धावली, बुटांमुळे धड धावताही येईना, गुडघ्यावर पडली, उठली. तिने कोटाची बटणं ओढून काढली. ठकी दचकून उठली आणि किंचाळली. मफलरीची गाठ सुटेना. आजोबा गाठ सोडायला गेले तर तिने त्यांचा हात झटकला.

गणवेशवाल्यांनी काही कागदांवर लिहून घेतलं आणि ते गेले. जावयाने वर नेऊन ठकीचं अंग तपासलं. गाल लाल, एक तळवा गार, बाकी काही नाही. बाटली तोंडाला लागताच तिने ती अशी ओढली की दोन तासांची भूक सगळ्यांना ऐकू आली.

"खोली रिकामी दिसली मला फोनवर," लेक म्हणाली. "वर, डोंगरावर. एकवीस फोन केले. कसे केलेत हो तुम्ही असं?"

"कार्ड आत राहिलं. फोन थंडीने..."

"पण बाहेर गेलातच का? लिहिलं होतं ना मी?"

"जाऊ दे गं," जावई हळूच म्हणाला. "झालं ते झालं. बाबांचं वय झालंय, होतं असं. आपणच त्यांच्यावर टाकायला नको होतं."

तो चांगल्या मनाने म्हणाला, हे आजोबांना कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं. वय झालं म्हणून नाही रे बाबा, असं त्यांना सांगायचं होतं. मला सगळं कळत होतं आणि तरी मी बसून राहिलो. पण ते सांगणं याहून वाईट होतं. त्यांनी भलतंच एक सांगितलं.

"मी कोंडलो होतो गं," ते म्हणाले. "चार दिवस. जीव घुसमटला माझा."

लेकीने मान वर केली. ठकी तिच्या मांडीवर चुटूचुटू दूध ओढत होती.

"आई मला घेऊन दोन खोल्यांत किती वर्षं होती, बाबा? तुमची पहाटेची पाळी, मग दुपारची झोप, मग डेपोतली मंडळी. मला गोवर आला तेव्हा ती नऊ दिवस उंबऱ्याबाहेर गेली नाही. मला आठवतंय ते. तिने कधी म्हटलं तुम्हाला, मी कोंडलेय?"

आजोबांनी आठवून बघितलं. मनापासून बघितलं. बायको खिडकीशी उभी असायची, एवढं आठवलं. ते परतले की ती विचारायची, आज रस्त्यात काय काय दिसलं? आणि ते म्हणायचे, काय दिसणार, रोजचंच. मग जेवायला बसायचे.

"नाही म्हटलं," ते म्हणाले.

"हं," लेक म्हणाली. तिचा राग बोलून संपला होता, आता नुसती थकलेली दिसत होती. "झोपा जरा तुम्ही. पाय गार पडलेत तुमचे."

सहाव्या दिवशी ठकीला पाळणाघरात ठेवलं. लेकच तिला सोडून आली आणि आल्यावर बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी राहिली. निघताना तिने आजोबांचा कोट नीट केला, कार्ड दोरीत ओवून त्यांच्या गळ्यात घातलं. "आता तुम्ही मोकळे," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. "हवं तिथे फिरा, बाबा. बर्फ बघा. तुमचं फिरणंच झालं नाही."

"तू जा. गुडघा जप," आजोबा म्हणाले.

खोलीत शांतता झाली. त्यांनी पेला विसळला. फ्रिजवरचा कागद अजून तसाच होता. साडेनऊ झाले, तेव्हा त्यांची नजर तिकडे गेली आणि परत आली. साडेदहाला ते कोट घालून खाली उतरले. गाव मोठं नव्हतं. पाळणाघर वखारीच्या मागे आहे, असं जावयाच्या बोलण्यात आलं होतं. आपण तिकडे जाणार नाही, नुसतं चालणार, असं स्वतःला बजावत ते वखारीच्या मागे पोचले.

दोन बाजूंना कमरेएवढा बर्फ आणि मधे एकच माणूस जाईल एवढी उपसलेली वाट. समोरून पाळणाघराची बाई येत होती, लाकडी घसरगाडी दोरीने ओढत. गाडीत चार मुलं एकापुढे एक बसवलेली, पट्ट्यांनी बांधलेली. तिसरी ठकी होती. तिला दुसऱ्याच कोणाची तरी लाल टोपी घातली होती. रडत नव्हती. पुढच्या मुलाच्या टोपीचा गोंडा तोंडात धरायची तिची खटपट चालली होती, आणि हिरडीतून फुटलेला दात एवढ्या लांबूनही पांढरा दिसत होता.

आजोबांच्या ओठांवर हाक आली. हाक मारली असती तर तिने आवाज ओळखला असता, हात पसरले असते, आणि मग पट्ट्यांतून सुटायला रडली असती. कुठे घेऊन जाणार होते ते तिला? त्यांनी मफलर नाकावर ओढून घेतली.

बाई थांबली. वाट एकच होती. तिने हसून काही विचारलं, बहुधा, कोणाला शोधताय का? आजोबांनी मान हलवली. नाही. मग ते वाटेवरून बाजूला झाले. एक पाय बर्फात गुडघ्याएवढा गेला, त्यांनी दुसराही टाकला, आणि टोपी काढून हातात धरून उभे राहिले, जाऊ द्या म्हणून.

गाडी समोरून सरकत गेली. आजोबा मांड्यांपर्यंत बर्फात होते. बाईने वळून एकदा बघितलं, या म्हातारबुवांना वर यायला हात द्यावा का, अशा विचाराने. त्यांनी हातानेच खूण केली, तुम्ही चला, मी निघेन.